पाठ जुळत नाही

नळ रात्री दीडला आला, पाच दिवसांनी,
आणि पिंपावर वाकताना अम्माच्या कमरेला रिमोट खोचलेला होता.
का खोचला होता, ते सगळ्यांना माहीत आहे:
नायनाच्या हातातून झोपेतच काढावा लागतो तो.

तांदळाच्या डब्यात चार दिवस ठेवला. उठला नाही.
दत्त चौकातला दुकानदार म्हणाला, हे मॉडेल आता येत नाही,
टीव्हीच बदला.
टीव्ही म्हणजे अम्माच्या किती हजार विड्या
हा हिशोब मी दुकानातच केला
आणि घरी सांगितला नाही.

माझ्याकडे कॉलेजनं भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर,
तीन पायांचा एक सेन्सर,
आणि वाटाण्याएवढा एक दिवा, जो पेटला तरी दिसत नाही.
समोरच्या इरव्वांचा टीव्ही आमच्याच कंपनीचा,
त्यांचा रिमोट तासाभरासाठी उसना आणला.
"आठच्या आत दे बघ, न्हाईतर तुझ्याच घरी येऊन बसते."

एक बटण दाबायचं, कॉम्प्युटरनं टिपून घ्यायचं.
पण एप्रिलचं उतरतं ऊन खिडकीतून थेट सेन्सरवर
आणि पडद्यावर नुसता कचरा,
कुणीच न दाबलेली बटणं.
तेव्हा कळलं, हा दिवा ज्या उजेडात बोलतो
तो ह्या उन्हाचाच सख्खा,
विडी घरकुलच्या पत्र्यांतून खाली येऊन
टाळूवर हात ठेवून बसणारा.
नायनानं उठून खिडकीला चादर लावली, स्वतःच्या डिझाइनची.
मग सेन्सर गप्प झाला. ऐकायला लागला.

नऊ हजार. साडेचार हजार.
पाचशे साठ, पाचशे साठ,
पाचशे साठ, सोळाशे नव्वद.
सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात मोजलेले उजेड आणि अंधार.
अंधार आखूड तर शून्य, लांब तर एक.
मी एकाला फुली दिली, शून्याला टिंब.

रात्री टीव्ही माझ्या कीबोर्डवर चालू झाला.
अम्मा म्हणाली, आता टीव्हीला पण नोकर लागला का?
आवाज वाढत होता,
कमी होत नव्हता.
नायनाला चाललं असतं. एकतीस वर्षं मागांच्या खडखडाटात
त्याचे कान कापडात गेले.
पण अम्माला पाचला उठायचं होतं,
आणि बातम्यांतली बाई आमच्या सगळ्या बोळाला ओरडून
कांद्याचा भाव सांगत होती.

मी केबल हलवली. दिवा बदलला. दोन शिव्या दिल्या, मराठीत.
नायना चष्म्याचा दोरा मानेमागं सारत येऊन उभा राहिला.
पडद्यावर फुल्या, टिंबं, ओळीखाली ओळ.
"हे कुणाचे पत्ते?"
टीव्हीचे, मी ओठांनी सांगितलं.

ह्या माणसानं जकार्डचे पत्ते पाडलेत,
एका मोराला अकराशे,
त्यातलं एक भोक चुकलं
की मोर शेपटीत लंगडतो.
तो पडद्याला हात न लावता वाचत गेला,
कारण हात लावला की मी ओरडते.

"अर्धं झालं की पुढं उलटं येतंय," तो म्हणाला,
"फुलीला टिंब, टिंबाला फुली.
चादरच की गं ही.
पुढून लाल, तर पाठीला पांढरं."

प्रत्येक हुकूम एकदा सरळ जातो, एकदा उलटा, ताळ्यासाठी.
मी हे वाचलेलं होतं.
पाहिलं नव्हतं.

"सातवा पत्ता बघ. इथं पाठ जुळत नाही.
तुझं एक भोक बुजलंय."

एक टिंब होतं. त्याची फुली केली.
बाई हळू झाली. अजून हळू.
नायनाला ऐकू आलं नाही,
त्यानं फक्त पडद्यावरची हिरवी पट्टी
एकेक घर उसवत जाताना पाहिली, शेवटपर्यंत,
आणि समोरून इरव्वांचा आवाज आला,
"कोण रे त्यो, आमचा टीव्ही मुका केला?"

मी दिवा भिंतीकडं फिरवला.
नायनानं स्टूल ओढलं.
"चॅनलचे काढ," म्हणाला, "तेही तपासून टाकू."